शाब्बास, जगदाळे

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘हसत हसत वेदनेवर मात’. म्हणाल्या, “तुम्ही बावीस वर्षं पेन क्लिनिकमध्ये काढलीत. लोकांना उभारी येईल असं दोन-तीन पानं लिहा.” मी हो म्हटलं, लिहायला बसले आणि त्या ‘हसत हसत’पाशीच अडले. माझ्याकडे आलेला सगळ्यात हसरा पेशंट माझ्या डोळ्यांसमोर अपंग होत होता आणि मी त्याचं कौतुक करत होते. चार वर्षं झाली. तेव्हा उभारीचा लेख दुसऱ्या कुणाकडून घ्या, असं बाईंना कळवलं आणि हा लिहायला घेतला.

मी मूळची नाशिकची, शिक्षणानं मानसशास्त्रज्ञ. नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीनं चंदीगडला आले. पुढे त्याच्या आणखी बदल्या झाल्या, मग निवृत्ती झाली, पण मी इथल्या एका मोठ्या इस्पितळात चिकटले ती चिकटलेच. तिथलं पेन क्लिनिक म्हणजे जुनाट दुखण्याचा दवाखाना. पाठ, मान, गुडघे, ऑपरेशननंतर न गेलेली कळ, असं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं ज्यांचं दुखतंय आणि गोळ्यांनी पुरतं थांबत नाही, ते आमच्याकडे येत. भूलतज्ज्ञ डॉक्टर त्यांना तपासून औषधं आणि इंजेक्शनं द्यायचे, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवायच्या आणि मग त्यांना माझ्याकडे पाठवलं जायचं.

माझ्या दाराची पाटी वाचली की बहुतेकांचा चेहराच पडायचा. आयटी पार्कमधल्या एका तरुण मुलीनं तर खुर्चीत बसायच्या आधीच मला विचारलं होतं, “मतलब मेरा दर्द नकली है?” दुखणं अगदी खरं असतं, हेच सांगण्यात माझा पहिला तास जायचा. मी लोकांना गाडीच्या अलार्मचं उदाहरण द्यायचे. चोर आला की अलार्म वाजतो हे ठीक, पण काही गाड्यांचा अलार्म टपावर मांजर बसलं तरी कोकलत सुटतो. जुनाट दुखणं बरेचदा तसं असतं. मूळची इजा भरून आलेली असते, काही नवं बिघडत नसतं, पण शरीर घाबरून ओरडत राहतं. मग त्या ओरडण्याला न घाबरता चालायचं कसं, झोपायचं कसं, कामाला कसं जायचं, हे आम्ही शिकवायचो. आठ आठवड्यांचा वर्ग असायचा, दर गुरुवारी अकरा वाजता, आठ-दहा जणांचा.

वर्गाच्या सुरुवातीला मी प्रत्येकाकडून एक प्रश्नावली भरून घ्यायचे. माणसाच्या मनात काय बळ आहे ते शोधणारी. धीर, आशा, चिकाटी, विनोदबुद्धी, दुसऱ्याबद्दल कृतज्ञता, असं सगळं. दुखणं तेच असलं तरी एक माणूस कोलमडतो आणि दुसरा उभा राहतो, यात या गोष्टींचा मोठा वाटा असतो. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. त्यात काही खोटं नाही. पण मी त्या कागदाला फार लवकर भुलत असे.

प्रकाश जगदाळे त्या वर्षीच्या होळीआधीच्या वर्गात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आयटी पार्कमधल्या एका कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक. चंदीगडच्याच मनीमाजऱ्यात भाड्यानं राहायचे, बायको सुरेखा आणि आठवीतली मुलगी आर्या. कंबरेतल्या मणक्यांमधली एक चकती सरकलेली, त्यामुळे सहा वर्षं कंबरेपासून डाव्या पायात कळ. बूट बांधायला वाकता येत नाही म्हणून चपला घालून येत. दार उघडून आत आले आणि माझ्या टेबलावरची मराठी नावाची पाटी बघून खुलले.

“मॅडम, मराठी का? मग झालंच की आमचं काम.”

“किती दुखतंय जगदाळे? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही असं.”

“आठ म्हणा. पण काय नाय, बरं हाय आपलं.”

आठावर असलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणत होता आणि मला ते फार आवडलं. प्रश्नावलीत त्यांना जितके गुण मिळाले तितके त्याआधी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. वर्गात ते सगळ्यांच्या आधी हजर. कुणी रडलं तर एखादा फौजी किस्सा सांगून हसवणार. दिलेले व्यायाम चुकवायचे नाहीत आणि दुखण्याची वही सुवाच्य अक्षरात भरायचे. तिसऱ्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं होतं, “शरीर सारखं काहीतरी सांगत राहील. प्रत्येक हाकेला ओ द्यायची गरज नाही.” त्यांनी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मला दाखवलंसुद्धा. मी खूश झाले.

त्याच वर्गात मोहिंदर कौर होत्या. साठीच्या, मनीमाजऱ्याच्या बाजारात लोकरीचं दुकान असलेल्या. दोन्ही गुडघे, कंबर, मान, खांदा, सगळंच दुखायचं, आणि त्या ते सगळं सगळ्यांना सांगायच्या. दारातूनच ‘हाय रब्बा’ ऐकू यायचं. त्यांच्या वहीत आकडे थोडे आणि मजकूर फार. आज इथे टोचलं, काल तिथे जळजळलं, शेजारणीची टाचही दुखते म्हणे, तिलाही आणू का. प्रश्नावलीत त्या वर्गात सगळ्यात खाली. माझ्या नोंदवहीत मी त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘दुखण्याकडे अती लक्ष’. जगदाळ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘उत्तम’.

सहाव्या आठवड्यातला मंगळवार. दुपारी मी जेवत होते आणि फोनवर जगदाळ्यांचा मेसेज आला. तो मला पाठ आहे, म्हणून जसाच्या तसा देते. ‘मॅडम, पायातली कळ जवळजवळ गेली. खुर्चीवर बसलो तरी उशीवर बसल्यासारखं मऊ वाटतंय. तुमच्यामुळे.’

मी डबा बाजूला ठेवून लगेच उत्तर दिलं. ‘शाब्बास, जगदाळे. गुरुवारी सगळ्यांना सांगा.’

खुर्ची उशीसारखी मऊ का वाटावी, हे मी स्वतःला विचारलं नाही. मी डॉक्टर नाही, हे खरं. पण मी बावीसातली अठरा वर्षं तिथे काढली होती तोवर. बसायची जागा बधिर होत असेल किंवा लघवी अडत असेल तर ते मणक्यातल्या नसांचा झुपका दाबला जात असल्याचं लक्षण असू शकतं, आणि मग ऑपरेशनसाठी हाताशी काही तासच असतात, हे आमच्या दवाखान्यातल्या प्रत्येकाला शिकवलेलं होतं. मलाही. मला ते येत होतं. मी फक्त त्या मेसेजमधलं ‘तुमच्यामुळे’ वाचलं.

गुरुवारी अकराला वर्ग भरला. जगदाळे थोडे उशिरा आले, पहिल्यांदाच. माझ्या डोक्यात त्या दिवशी काय बोलायचं ते तयार होतं. मी त्यांना पुढे बोलावलं आणि हिंदीत सगळ्यांना सांगितलं, की हे बघा, आठवरून जवळजवळ शून्यावर आले, कसे आले ते त्यांच्याच तोंडून ऐका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जगदाळे खुर्च्यांमधून पुढे आले. चाल थोडी पसरट वाटली, पण पाठदुखीची माणसं वाकडीतिकडी चालतातच. ते उभे राहिले, हसले, आणि म्हणाले, “देखिए जी, मैडम ने एक बात सिखाई…”

मध्येच मोहिंदर कौर बोलल्या. “वीरजी, तुहाडी दूजी चप्पल कित्थे है?”

मला आधी राग आला. आता हिला मध्येच काय सुचलं, असं वाटलं. मग मी खाली पाहिलं. जगदाळ्यांच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, आणि अंगठ्याजवळ फरशीवर रक्त लागलं होतं.

जगदाळ्यांनीही खाली पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू तसंच होतं, फक्त त्यामागे काही उरलं नव्हतं. “होती की,” ते मराठीतच पुटपुटले. “पायातच होती.”

चप्पल नंतर बाहेर व्हरांड्यात, जिन्याजवळ सापडली. म्हणजे साठ-सत्तर पावलं हा माणूस अनवाणी चालत आला होता, वाटेत कशाला तरी अंगठा फाटला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मी विचारलं, “जगदाळे, लघवीला कधी गेला होतात?”

त्यांनी वर्गाकडे पाहून मान खाली घातली. मी त्यांना बाहेर नेलं. तिथे ते हळूच म्हणाले, “काल सकाळी. आता येतच नाय असं वाटतं. पण बारीक गोष्ट हाय मॅडम. म्हटलं, प्रत्येक हाकेला कशाला ओ द्यायची.”

माझेच शब्द होते. मी डॉक्टर सेठींना बोलावलं. आमचे मुख्य डॉक्टर, शांत माणूस. त्यांनी जगदाळ्यांना पलंगावर झोपवलं, डोळे छताकडे ठेवायला सांगितलं आणि पिन हातात घेतली. पावलावर टोचलं, घोट्यावर टोचलं, मांडीच्या मागे टोचलं. मी बाजूलाच उभी होते. सहाव्यांदा टोचल्यावर जगदाळे छताकडे बघतच म्हणाले, “करा की सुरू, डॉक्टरसाब.”

सेठींनी पिन खाली ठेवली, फोन उचलला आणि ‘अभी, इसी वक़्त’ एवढंच मला ऐकू आलं. दीड तासात एमआरआय झाला. चकतीचा मोठा तुकडा सुटून मणक्याच्या पोकळीत बसला होता आणि खालच्या सगळ्या नसा चिरडत होता. तीनच्या सुमारास त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. त्यांची कळ कमी झाली होती ती माझ्या वर्गामुळे नव्हे. कळ वाहून नेणारी नसच मरायला लागली होती.

बाहेरच्या बाकावर बसून मी फोन उघडला आणि मंगळवारचा मेसेज परत वाचला. त्याखाली माझं ‘शाब्बास’. दोन दिवस. मंगळवारी दुपारी मी फक्त एक फोन केला असता, ‘मऊ म्हणजे काय हो जगदाळे?’ एवढं विचारलं असतं, तर.

सुरेखा मनीमाजऱ्याहून रिक्षानं धावत आल्या. मी त्यांना त्याआधी दोनदाच भेटले होते. त्यांना काय झालंय ते सेठींनी समजावलं होतं. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांना वाटत होतं की मीच वेळेत ओळखलं. म्हणाल्या, “ताई, तुमी होतात म्हणून बरं झालं.”

ते ऐकून घेऊन गप्प बसणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही मेसेज वाचले. मग परत वाचले, ओठ हलवत.

“म्हंजे तुमास्नी मंगळवारी कळलं होतं?”

“कळवलं होतं त्यांनी. मला कळायला हवं होतं. नाही कळलं.”

त्यांनी फोन परत दिला. आवाज न चढवता म्हणाल्या, “सोसायचं त्यांना आधीच येत होतं ताई. फौजेत तेच केलं, घरी तेच केलं. ते शिकाया तुमच्याकडं कशाला यायचं? सांगायचं कसं, ते शिकवलं असतं तर उपयोग झाला असता.”

मी बावीस वर्षांत पुष्कळ परिषदांना गेले, पुष्कळ भाषणं ऐकली. माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सहा वाजता ऑपरेशन संपलं. सर्जन म्हणाले, तुकडा काढलाय, पण नसा किती सुधारतील ते आत्ता सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी सेठींच्या हातात लेखी हकिकत दिली, मेसेजसकट. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “आप साइकोलॉजिस्ट हैं, मैडम. ये आपकी फ़ील्ड नहीं थी.” मी म्हटलं, पेशंटनं सांगितलं मला होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. जगदाळे उताणे पडले होते, लघवीची पिशवी पलंगाला टांगलेली. मला बघून नेहमीप्रमाणे हसले. मी माफी मागितली. काय चुकलं ते सांगितलं, काही न गाळता.

“आवो मॅडम, तुमी कशाला मनाला लावून घेता,” ते म्हणाले. “काय नाय होत. बरं हाय.”

“जगदाळे, माझी समजूत काढू नका. कसं आहे ते सांगा.”

ते हसतच राहिले थोडा वेळ. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. पाठमोऱ्या माणसाचा यावा तसा आवाज आला. “भ्या वाटतंय मॅडम. पाय माझा वाटत नाय. सुरेखाला नका सांगू.”

“मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा.”

“कसं सांगू?”

“आत्ता मला सांगितलंत तसंच.”

त्यांनी सांगितलं. त्याच दुपारी, मला बाहेर जायला सांगून. मी काचेतून बघितलं, सुरेखा त्यांच्या उशाशी बसल्या होत्या आणि तो सहा फुटी माणूस त्यांच्या पदरात तोंड घालून रडत होता. मी नजर वळवली.

पुढच्या गुरुवारी वर्ग घ्यावाच लागला. मोहिंदर कौरांना मी विचारलं, की इतक्या लोकांत तुम्हालाच कसं दिसलं? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाल्या, पुत्तर, वीस वर्षं माझे गुडघे दुखतात. समोरून कुणीही आलं की मी आधी त्याचे पाय बघते, कसा टाकतो, कुठे वाचवतो. ज्याला दुखतं त्याला दुसऱ्याचं दिसतंच. मी नोंदवहीत त्यांचं पान काढलं. ‘दुखण्याकडे अती लक्ष’. ते खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते मला सुचलं नाही. माझ्या प्रश्नावलीत त्या गुणाला रकानाच नव्हता.

मी ती प्रश्नावली फेकून दिली नाही. धीरानं माणसं खरोखर तरतात. नंतरच्या वर्गांतही मी लोकांना दुखण्यासकट चालायला शिकवलं, आणि ती आयटी पार्कवाली मुलगी आज मजेत नोकरी करते. पण दर गुरुवारी पहिला प्रश्न बदलला. ‘किती दुखतंय’च्या आधी मी विचारू लागले, ‘नवीन काय आहे?’ बधिरपणा, लघवीचा त्रास, ताप, पायातली शक्ती जाणं, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर मनाला न समजावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि दुखणं एकाएकी गायब झालं, तरी सुद्धा. जो फार हसायचा, त्याला मी दोनदा विचारायचे. निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले.

जगदाळे चालू लागले, पण डावं पाऊल अजून उचललं जात नाही. त्याला आधाराची पट्टी लावावी लागते. लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच नळी घालतात, ते कायमचं आहे. कंपनीनं त्यांना कॅमेऱ्यांच्या खोलीत बसायचं काम दिलं. फेऱ्या मारणारा माणूस आता पडद्यांसमोर बसतो.

ऑपरेशनला पाच महिने झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं, पण फोन केल्यावर सुरेखा ‘या’ म्हणाल्या होत्या. मनीमाजऱ्याच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिना चढताना आतून मोठ्यानं ओरडणं ऐकू आलं. “आई गं, मेलो, काय कळ मारतंय हे. सुरेखा, अगं ये की इकडं.” मी पायरीवरच थबकले. जगदाळ्यांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. धावत वर गेले आणि दार ठोठावलं.

आर्यानं दार उघडलं. हातात गणिताची वही, पेन दातांत.

“काय झालं बाबांना?” मी विचारलं.

मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच. पेन काढून अगदी शांतपणे म्हणाली, “कुछ नहीं आंटी. नस वापस आ रही है, डॉक्टर बोले दर्द होगा. अब पापा चिल्लाते हैं.”

“तुला भीती नाही वाटत?”

तिनं आत एकदा पाहिलं. सुरेखा तेलाची वाटी घेऊन जगदाळ्यांच्या पायाशी बसल्या होत्या आणि “कुठं? इथं की वर?” असं विचारत होत्या.

“पहले लगता था,” आर्या म्हणाली. “जब वो चुप रहते थे.”